दादाची पाठ

"कितवा मजला?" लिफ्टमनने विचारलं, आणि धाकट्याने उत्तरासाठी समोरच्या पाठीकडे पाहिलं. ती पाठ कुणा परक्या माणसाची होती. तिच्यावरचा शर्ट तयार घेतलेला होता, खांद्याची शिवण बोटभर खाली उतरली होती, आणि धाकट्याच्या मजल्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. "अहो काका, कितवा?" लिफ्टमनने पुन्हा विचारलं. बाकीची माणसं आपापले मजले सांगून मोकळी झाली होती, आणि मजला विसरलेला माणूस कसा दिसतो ते आता निवांतपणे बघत होती. धाकटा विसरला नव्हता. विसरायला आधी माहीत असावं लागतं. दादाला इथे आणल्यापासून तो रोज वहिनीच्या मागून वर यायचा. लिफ्ट थांबली की वहिनीचा पदर हलायचा, पदर हलला की हा निघायचा. आज औषधं आणायला वहिनीने त्याला एकट्याला खाली पाठवलं होतं. "जिथे फिनेलचा वास येतो तिथे," तो म्हणाला. "इस्पितळ आहे हे काका," लिफ्टमन म्हणाला, "कुठेही उतरा." मग तो सगळ्यांबरोबर पार वर गेला, आणि खाली येताना दर मजल्यावर दार उघडलं की नाक बाहेर काढून पाहू लागला. लिफ्टमनला हा वेडा आहे की गरीब आहे हे ठरवता येईना. एका मजल्यावर फिनेलखालून गोडसर, नासलेला वास आला. तो दादाच्या पायाचा होता. धाकटा उतरला.

साठीला टेकलेल्या माणसाला धाकटा म्हणायला तसं कारण नव्हतं. पण दुकानात दोघे होते, आणि गिऱ्हाइकांना दोघांत फरक करायचा असे. मोठे मास्तर आणि धाकटे मास्तर. मोठे मास्तर पुढे उभे. गळ्यात टेप, कानावर खडू, हातात कात्री. माप घ्यायचं, गिऱ्हाइकाच्या पोटाला उद्देशून दोन गोड शब्द बोलायचे, कापड बेतायचं. धाकटे मास्तर पडद्यामागे पायमशीनवर. दादाने बेतलेले तुकडे पडद्याखालून आत सरकत, धाकटा ते शिवून पडद्याखालून परत सरकवी. आपण कुणाचा कोट शिवला हे कित्येकदा त्याला तो कोट रस्त्याने समोरून चालत आला की कळे, आणि तोवर त्याच्यात एखादा अनोळखी माणूस घातलेला असे. धाकट्याने जन्मात कापडाला कात्री लावली नव्हती. त्याची बायको होती तेव्हा म्हणायची, "लग्नाला हो दादांनी म्हटलं. तुम्ही नुसती टीप मारलीत." ती हे न हसता म्हणायची. धाकटा मात्र हसायचा, कारण ते खरं होतं, आणि खऱ्यावर दुसरं काय करतात ते त्याला माहीत नव्हतं.

वऱ्हांड्यात वहिनी उभी होती आणि तिच्यासमोर सर्जन. सर्जन तरुण होता. त्याच्या चेहऱ्यावर झोप नसलेल्या माणसाचा नम्रपणा होता. "हे दीर ना? बरं झालं. पेशंटच्या वतीने निर्णय कोण घेणार?"

"पेशंटच," धाकटा म्हणाला.

"ते बरळताहेत, बाबा. घरात एरवी निर्णय कोण घेतं?"

"तेच घेतात."

"आणि तुमचे?"

"तेही तेच."

सर्जनने चष्मा काढून डोळे चोळले. थट्टा केली जातेय का याचा त्याने अंदाज घेतला असावा. मग त्याने सावकाश सांगितलं, की पायातलं विष वर चढतंय. आज गुडघ्याखालून घेता येईल. थांबलो तर गुडघ्यावरून. आणखी थांबलो तर मग घेण्यासारखं काही राहणार नाही. "आणि नाहीच घेतला तर?" धाकट्याने विचारलं, आणि आपण प्रश्न विचारला याचं त्यालाच नवल वाटलं. सर्जनने चष्मा परत लावला. "नवीन औषध चालू केलंय. लागू पडलं तर पडलंही. एकदा पाहिलंय मी तसं. पण त्याच्या भरवशावर मी माझ्या बापाला ठेवला नसता." एवढं बोलून, दुपारी टेबल रिकामं आहे, तोवर सांगा, असं तो म्हणाला आणि गेला. टेबल हा शब्द धाकट्याला दुकानातला वाटला. बेतायचं टेबल.

वहिनी भिंतीला टेकली. "मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही, भाऊजी. शुद्धीवर होते तेव्हा मला शपथ घातलीय. मेलो तरी चालेल, पाय द्यायचा नाही म्हणाले."

"मला नाही काही बोलले."

"तुम्हाला कशाला बोलतील?" वहिनी म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिने फक्त माहिती दिली होती. "तुम्ही काही ठरवाल असं त्यांच्या मनातही आलं नसेल."

तो बाकावर बसला. समोरच्या भिंतीवर रंगाचा एक पोपडा सुटला होता आणि धाकटा त्याच्याकडे पाहत होता, पण खरं तर तो पोपडाही त्याला दिसत नव्हता. त्याला दादाच्या लहानपणच्या शर्टाची पाठ दिसत होती. पांढरी, कडक खळीची, मधोमध घामाने ओली होत जाणारी. मामाने बदली होऊन जाताना सायकल त्यांच्या अंगणात टाकली होती, सोडली म्हणण्यापेक्षा टाकली हेच बरोबर. मडगार्ड नव्हतं, घंटी नव्हती, ब्रेकच्या तारा कुणीतरी कपडे वाळत घालायला नेल्या होत्या. सीटची दांडी गंजून चिकटली होती, आणि ती वरच्या टोकाला चिकटली होती. मामा ताडमाड होता. दादाला तेव्हा मिसरूड फुटत होतं, पण उंचीने तो बापावर गेला होता, म्हणजे गेलाच नव्हता. सीटवर बसला की त्याचे पाय पेडलच्या वर वीतभर लोंबायचे. दांडीला तेल पाजून झालं, हातोडी मारून झाली. बाप दुकानातून ओरडला की सायकल मोडायची असेल तर भंगारवाल्याला बोलवा, तो नीट मोडतो. तेव्हा दादाने डोकं चालवलं. धाकटा दोन वर्षांनी लहान, पण अंगाने नुसता वाढत सुटलेला, आई त्याला शिडी म्हणायची. "तू कॅरिअरवर बस," दादा म्हणाला. "पाय पुढे घाल. पोचतात? पोचतात ना? झालं तर मग. तू मार पेडल, मी हँडल बघतो."

जगात सगळीकडे मुलं पडत-झडत सायकल शिकतात. हे दोघेही पडले, झडले आणि शिकले, फक्त अर्धी अर्धी. धाकट्याचे गुडघे दादाच्या मांड्यांच्या दोन्ही बाजूंनी वरखाली व्हायचे, हात दादाच्या कमरेला, नाक दादाच्या पाठीला. गल्लीच्या तोंडाशी न्हाव्याचं दुकान होतं. तो वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर तसाच ठेवून बाहेर बघायचा आणि म्हणायचा, "आलं बघा, आधी डोकं आलं, मागून पाय येताहेत." दादा त्याला मान लववून नमस्कार करायचा. धाकट्याला न्हावी कधी दिसला नाही, नुसता ऐकू आला. त्याला काहीच दिसायचं नाही. दिसायचे ते दोन खांदे आणि बापाने घातलेली दुहेरी टीप, आणि तेवढ्यावरून तो गाव शिकला. डावा खांदा खाली गेला की पूल. पुलाखालची ओल पोटऱ्यांना लागायची. मग भट्टीचा पावाचा वास, मग कातड्यांचा, मग काहीच वास नसलेला एक लांब रस्ता, तो साहेब लोकांच्या वस्तीचा. शिवलेले कपडे घरोघर पोचवायचं काम बापाने त्यांच्यावर टाकलं. दादा दारात जाऊन गिऱ्हाइकांशी बोलायचा, आणि धाकटा सायकल धरून आपल्या दुखऱ्या मांड्या चोळत पुढच्या चढाचा विचार करायचा. तरी तो सुखात होता. हे त्याला आत्ता बाकावर बसल्यावर पहिल्यांदा सुचलं, आणि ते सुख कशाचं होतं हे आठवून त्याला थोडी लाज वाटली. रस्ता चुकला तर तो आपला चुकत नाही, याचं ते सुख होतं.

एकदा दुपारी सगळे झोपलेले असताना त्याने सायकल एकट्याने नेली होती. पुढच्या सीटवर बसला. पाय बरोबर पोचले, अगदी मापात. पेडल मारलं, सायकल निघाली, आणि त्याचे हात हँडलवरून उचलले जाऊन दादाची कंबर शोधू लागले. समोर एवढा मोठा रस्ता होता, त्याच्या दोन्ही कडांना घरं होती, घरांना दारं होती, आणि ते सगळं एकदम त्याच्या अंगावर येत होतं. तो हौदाच्या कट्ट्याला जाऊन धडकला. कुणाला सांगितलं नाही. दादालाही एकट्याने जमायचं नाही. तो उतारावरून नुसता बसून खाली यायचा, झोकदार वळण घ्यायचा आणि चढ आला की उतरून सायकल ढकलत परत. आई म्हणायची, दोघं मिळून एक पोरगा झालाय मला. दादाचं लग्न झालं, धाकट्याचं झालं, बाप गेला, सायकल कधीतरी गेली, आणि दादाने कात्री उचलली तेव्हा धाकटा मशीनवर जाऊन बसला, कुणी न सांगता. पाय आपोआप हलू लागले.

पण मध्ये तो उतार होता. पाण्याच्या टाकीवरून थेट चौकात उतरणारा. ब्रेक नसल्यामुळे ब्रेकचं कामही धाकट्याकडे होतं. पेडलवरचा पाय काढून टाच मागच्या टायरला दाबायची. दादा "दाब" म्हणेल तेव्हाच दाबायची, हा नियम. त्या दिवशी कॅरिअरवर, त्याच्या आणि दादाच्या मध्ये, एका वकिलाचा नवा कोट होता, कागदात बांधलेला. उतार सुरू झाला. वारा कानात शिरला. दादा काही म्हणाला नाही. आणि मग धाकट्याला नाकासमोरची पाठ बदललेली जाणवली. खांद्याची हाडं एकमेकांच्या जवळ आली, मान आत ओढली गेली, पाठीचं कापड ताणून तक्त्यासारखं झालं. दादाने "दाब" म्हटलं नाही. धाकट्याने दाबलं. चाक अडकलं, सायकल आडवी फिरली आणि दोघं तिच्यासकट घसरत गटारापर्यंत गेले. धाकट्याने उठून पहिल्यांदा पुढे पाहिलं. चौक रिकामा होता. गाडी नाही, माणूस नाही, एखादं कुत्रं असतं तरी त्याला बरं वाटलं असतं. दादाचं कोपर मोडलं होतं. ते पुढे वाकडंच जुळलं, आणि मोठे मास्तर कात्री धरताना कोपर बाहेर काढतात ही त्यांची लकब आहे असं गिऱ्हाइकं समजत आली. दादाने त्याला मारलं नाही. गटाराच्या काठावर बसून, हात मांडीवर धरून त्याने विचारलं, "तुला पुढचं दिसत होतं?"

"नाही."

"मग कशाला दाबलंस?"

एवढंच. बापाने मारलं ते तो विसरला, वकील काय बोलला ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. हे मात्र राहिलं. "तू घाबरला होतास ना?" हे त्याने विचारायला हवं होतं, पण ते सुचायला चाळीस-पंचेचाळीस वर्षं गेली, आणि सुचलं तेव्हा दादाचा ताप एवढा चढला होता की विचारण्यात अर्थ नव्हता. शिवाय दादा घाबरला होता हे जरी खरं, तरी चौक रिकामा होता हेही खरंच होतं. पाठ त्याने बरोबर वाचली होती. रस्ता चुकला होता. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता या वयात त्याला ते एकट्याने समजून घेणं भाग होतं, तेही दुपारच्या आत. कापडाचं बरं असतं, त्याला वाटलं. टीप चुकली तर उसवता येते. त्याचं सगळं आयुष्य उसवता येण्याजोग्या कामात गेलं होतं. कात्री चुकली तर त्यावर इलाज नसतो. तरीच तो कात्रीपासून लांब राहिला होता. दादाच्या हातचं कापड कधी वाया गेलं नाही, आणि गेलंही असेल तर पडद्याच्या त्या बाजूला.

तो आत गेला. पाय बँडेजात होता, गुडघ्यापर्यंत, जाड, एखाद्या लहान मुलाला दुपट्यात गुंडाळावं तसा. वरून त्यातलं काही कळत नव्हतं. दादाचे डोळे अर्धे उघडे होते आणि ओठ हलत होते. धाकट्याने कान जवळ नेला. दादा माप सांगत होता. छाती, कंबर, बाही. कुणाचं ते कळेना. "दादा," धाकटा म्हणाला, "काय करू?" "बाही," दादा म्हणाला, आणि पुढचा आकडा घशात राहिला. तेवढ्यात नर्स आली. "बाजूला व्हा, कुशीवर करायचंय. नाही तर असं करा, तुम्हीच धरा." दोघांनी मिळून दादाला कुशीवर केलं, तोंड भिंतीकडे. इस्पितळाच्या झग्याचे बंद सुटले आणि दादाची पाठ धाकट्यासमोर आली. सगळं आयुष्य कापडाखाली पाहिलेली. आता उघडी. ती इतकी लहान असेल असं त्याला वाटलं नव्हतं. मणके मोजून घ्यावेत असे वर आले होते, कातडी सैल, बेतात चूक झाल्यासारखी. आणि खांद्याची हाडं एकमेकांच्या जवळ आली होती. मान आत ओढलेली. ताप चढलेला, शुद्ध नाही, तोंडाने कुणाची तरी बाही चाललीय, आणि पाठ मात्र ताठ, तक्त्यासारखी. नर्स म्हणाली, "सैल सोडा, आजोबा, सैल सोडा." पाठ सैल झाली नाही.

धाकटा बाहेर आला. सर्जन वऱ्हांड्याच्या टोकाला उभा राहून कागदी पेल्यातला चहा पीत होता. तिथपर्यंत जायला वेळ लागला, कारण वाटेत कुणाच्याच मागून जायचं नव्हतं. "घ्या," धाकटा म्हणाला.

"काय घेऊ?" सर्जन म्हणाला. हा आपल्याला चहाच घ्यायला सांगतोय की काय असं त्याला वाटलं असावं.

"पाय."

वहिनीने ऐकलं. तिने पदर तोंडाला लावला आणि तशीच खाली बसली. ती मोकळी झाली की तिने त्याला कायमचा दोषी धरला, हे धाकट्याला तिच्या चेहऱ्यावरून वाचता आलं नाही. त्याला चेहरे वाचायची सवयच नव्हती.

मग दुपार सरली. सरली म्हणजे लोक आले, गेले, कुणी केळी सोलून खाल्ली, कुणी रेडिओ लावला आणि कुणी बंद करायला लावला. शेवटी आतून एक वॉर्डबॉय आला आणि दादाचं नाव पुकारून म्हणाला, "सोबत कोण? पेशंट ठीक आहे. हे मागच्या इमारतीत नेऊन द्या, तपासायला." हिरव्या कापडात गुंडाळून वर प्लास्टिक बांधलेलं ते होतं. धाकट्याने हात पुढे केले. कापडाचं ठाण घेतात तसं दोन्ही हातांवर आडवं. अदमास घेण्याची सवय हातांना होती, आणि हातांनी न विचारता अदमास घेतला. वजन बरंच होतं. सडक्या वस्तूचं इतकं वजन असतं का, हे त्याला कळेना. मेलेलं हलकं असायला हवं, असं त्याला उगाच वाटत होतं. "मागची इमारत कुठे?" त्याने विचारलं. "सरळ जा, मग विचारा," वॉर्डबॉय म्हणाला आणि दार लावून घेतलं.

तो पाय घेऊन निघाला. लिफ्टमनने या वेळी मजला विचारला नाही. अंगणात उतरतं ऊन होतं. सिमेंटच्या पायवाटा तिन्ही बाजूंना फुटत होत्या, आणि धाकटा त्यांच्या मधोमध उभा राहिला. समोरून येणारी माणसं त्याच्या हातातल्या वस्तूकडे पाहून बाजूला होत होती, एवढा मान त्याला जन्मात कधी मिळाला नव्हता. तो एका वाटेने गेला, ती धोबीखान्यात निघाली. परत आला. दुसऱ्या वाटेने गेला. मधेच एका भिंतीच्या सावलीत त्याने गुंडाळी कठड्यावर टेकवली. प्लास्टिकची गाठ साधी होती, ओढली तर सुटणारी. उघडून बघावं. काळा असेल तर काळा. आणि नसेल तर. वरचा भाग, पोटरीचा, चांगला असेल तर, गोरा, दादाचा, केसाळ, ताजा. गाठीवर त्याचं बोट गेलं. आयुष्यभर गाठी सोडलेलं बोट ते, डोळे मिटून सुद्धा सोडेल. त्याने बोट काढलं. गुंडाळी पुन्हा हातांवर घेतली, आणि मागच्या इमारतीच्या खिडकीत नेऊन दिली. खिडकीतल्या बाईने ती घेतली, बाजूला ठेवली आणि म्हणाली, "पुढचे."

दुसऱ्या दिवशी दादाचा ताप उतरला. तो पाय घेतल्यामुळे उतरला की औषधाने, हे कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. वहिनी आंघोळीला घरी गेली होती. दादा उताणा पडला होता. त्याने पांघरुणाकडे पाहिलं, जिथे एका बाजूला उंचवटा शेवटपर्यंत जात होता आणि एका बाजूला मधेच संपत होता. तो बराच वेळ पाहत राहिला, बेत तपासावा तसा.

"कोण म्हणालं?" त्याने विचारलं.

"मी."

दादाने मान वळवली. धाकट्याकडे पाहिलं. इतका वेळ समोरून त्याने धाकट्याकडे कधी पाहिलं असेल, तर ते धाकट्याला आठवत नव्हतं. कुठे बघावं ते न कळून धाकटा त्याच्या हनुवटीकडे पाहत राहिला.

"बघितलास?"

"बघितला."

"कसा होता?"

"वाईट होता," धाकटा म्हणाला. मग त्याला वाटलं एवढं पुरणार नाही. "वरून बरा वाटायचा. आतून पार विरला होता. काळा. गुडघ्यापर्यंत. एक टाका धरला नसता, दादा."

बोलता बोलता त्याला तो दिसूही लागला, काळा, विरलेला, आणि आता तो तसाच दिसणार हे त्याला कळलं. दादा काहीतरी विचारेल म्हणून तो थांबला. निदान शिवी तरी देईल. कुठून बघितलास, कुणी दाखवला, तुला काय कळतं त्यातलं. यातल्या कशाचंही उत्तर त्याच्याकडे नव्हतं, आणि ते पकडलं जावं असं त्याला मनापासून वाटत होतं.

"मग बरोबर केलंस," दादा म्हणाला. अगदी सहज. "पाणी दे."

नर्सने थोडंच द्या म्हणून बजावलं होतं. थोडं म्हणजे किती, ते ती बोलली नव्हती. धाकट्याने चमचा भरला, दादाच्या ओठांना लावला, पाणी आत गेलं. दुसरा भरला. तोही गेला. दादाने डोळे मिटले होते. पुरे असं तो म्हणेल म्हणून धाकटा चमचे देत राहिला, आणि दादा तोंड उघडून पुढच्या चमच्याची वाट पाहत राहिला.